रतनबाईंनी पाहिला आहे

रतनबाई म्हणजे लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेतली मोठी बाई. मोठी म्हणजे हुद्द्यानं. अंगानं विचाराल तर माझ्या निम्मी. आम्ही दोघी बाजारातून चाललो की लोक म्हणत, शालूबाई आणि तिची छत्री चालली. मूळची ती सोमाटण्याची, शेतकऱ्याघरची. बाराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला. भावानं तिला पुण्याला पाठवली ती नर्स करायला. पहिल्याच आठवड्यात रक्त बघून ही आडवी झाली, तीही पेशंटच्या शेजारच्या खाटेवर. मग मास्तरीण झाली. मी तिला म्हणायची, "रतन, तू आडवी झालीस म्हणून लोणावळ्याच्या पोरींना अक्षर आलं." ती लगेच हसायची नाही. तिला हसायला वेळ लागे. सकाळी केलेल्या थट्टेला ती संध्याकाळी भात बसवताना हसायची, आणि मी भिंतीपलीकडून विचारायची, "पोचली का गं?"

आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. माझे मालक रेल्वेत, इंजिनांच्या शेडमध्ये. पोरंबाळं मला नाहीत, म्हणून मी सगळ्यांची मावशी. रतन मात्र मला शालूताई म्हणे. चार वर्षांनी मोठी मी तिच्याहून, आणि शहाणपणात चाळीस वर्षांनी लहान, असं तिचं मत.

लढाई चालू होती त्या वर्षांतली ही गोष्ट. रेशनची कार्डं निघाली आणि ती लिहायचं काम शाळेतल्या मास्तरांच्या, बायांच्या गळ्यात पडलं. शाळा सुटली की घरोघर हिंडायचं, माणसं विचारायची, नावं लिहायची. साखरेच्या आशेनं मेलेली माणसं जिवंत होत होती त्या महिन्यात. एका घरात म्हणे सासू, सासरे, चुलतसासरे असे तिघे एकाच घोंगडीखाली आजारी होते, आणि ही आत गेली तर घोंगडीखाली मांजर. त्यात शाळेतली दुसरी बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिचाही वर्ग हिच्याकडेच. खोलीच्या या कोपऱ्यात तिसरी पाढे म्हणतेय, त्या कोपऱ्यात सातवी अपूर्णांक करतेय, मध्ये ही उभी. घरी आली की चपला काढायच्या आधी उंबऱ्यावर बसायची. तशीच बसून राहायची. मी म्हणायची, "रतन, आत ये, उंबरा उचलून कोणी नेत नाही." तर ऐकू गेलेलं नसायचं.

आणि एवढ्यातही तिचा सगळा जीव कुणात, तर सातवीतल्या सहा पोरींत. त्या वर्षी सहा पोरी फायनलच्या परीक्षेला बसायच्या होत्या. त्या शाळेतून आजवर कधी दोनाच्या वर गेल्या नव्हत्या. फायनल पास झाली की पोरगी मास्तरीण होऊ शके, निदान लग्न दोन वर्षं पुढं ढकलता येई. पण परीक्षेला पुण्याला जावं लागे, चार दिवस. बाप आपली चौदा वर्षांची पोरगी चार दिवस पुण्याला कुणाच्या भरवशावर सोडणार? रतनबाईच्या. फॉर्मावर बापाची सही लागे. महिनाअखेर ही मुदत, आणि सहाच्या सहा फॉर्म अजून तिच्या टेबलाच्या खणात कोरे पडलेले. बाप लोक म्हणायचे, "बघू."

आता थेटराचं सांगते. बाजाराच्या मागं कादरभाईचं पत्र्याचं थेटर होतं. शनिवारी आणि बुधवारी दुपारी तीनला खास बायकांचा खेळ. फटींना गोणपाट लावून अंधार करायचे, तरी पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडायचे आणि पडद्यावरच्या राजाच्या नाकावर एक ठिपका कायमचा. मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढवेपर्यंत बायका पोरांना पाजून घ्यायच्या.

काही वर्षांपूर्वी तिथं एका पौराणिक खेळात राक्षसाच्या दरबारातला नाच निघाला. शाळेतल्या पाच-सहा पोरी आयांबरोबर गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी वळवणचा रखमाजी शाळेच्या दारात. चांगली शेती असलेलं घर, चार माणसं त्याचं ऐकणारी. "बाई," म्हणाला, "आमी पोरी हितं शिकाया धाडतो. नाचाया न्हाई." शाळेचा त्यात काय संबंध, पण रतननं वाद घातला नाही. म्हणाली, "यापुढं मी आधी बघीन आणि मग सांगीन." झालं. बोलून बसली ती कायमची बसली. तेव्हापासून प्रत्येक नव्या खेळाच्या पहिल्या शनिवारी ही वही-पेन्सिल घेऊन दाराजवळच्या बाकड्याच्या टोकाला. देवादिकांनासुद्धा तिनं सोडलं नाही. एका देवाला मारामारीत नापास केलं, एकाला वरच्या वर्गात घातलं.

कादरभाई हुशार माणूस. बाईंनी हो म्हटलं की बायका-पोरी दुप्पट येतात हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं एक शाळेची पाटी आणली आणि तिकिटाच्या खिडकीवर टांगली. त्यावर खडूनं लिहायचा, "रतनबाईंनी पाहिला आहे." एवढंच. लोकांना पुरे व्हायचं. त्याची स्वतःची मुलगी कमरजहाँ सातवीतच होती, त्या सहांतली. बापाचं थेटर, पण पोरीला पाटी लागल्याशिवाय आत सोडत नसे. पडदा धुवायला घरी यायचा तेव्हा तेवढा तिनं जवळून पाहिलेला.

तर त्या पौषात आला कॉलेजच्या पोरापोरींचा विनोदी बोलपट. बाहेरच्या फळकुटावर चित्र, सायकलवर बसलेली मुलगी आणि मागं कॅरिअर धरून धावणारा मुलगा, त्याची टोपी उडालेली. सातवीच्या पोरी शाळेला जाताना तिथून जायच्या, पण रोज पाच मिनिटं आधी निघायला लागल्या. रखमाजीची सरू मला म्हणाली, "मावशी, बाईंना सांगा ना, चांगला हाय म्हून."

"मी बघितला नाही अजून."

"आमी बी न्हाई. पन चांगला हाय."

शनिवारी आम्ही दोघी गेलो. बाहेर गारठा आणि आत पत्रा तापलेला, अशी छान ऊब. आठ दिवसांत रतन पहिल्यांदा उबेत टेकलेली. दिवे गेले. मुलगी सायकलवरून आली. रतननं वहीत लिहिलं, "१. सायकल." पुढं लिहिलं नाही. मी बघते तर मान खाली, पेन्सिल बोटांत तशीच.

मी तिला ढोसायला हवं होतं. हात उचललाही होता. पण तिच्या डोळ्यांखाली इतकं काळं झालेलं की मला ढोसवेना. म्हटलं, एक रीळ झोपू दे. मग म्हटलं, दुसरं. दिवे लागले की मी माझी शाल तिच्या खांद्यावरून अशी ओढायची की बघणारीला वाटावं, बाई मान घालून लिहितायत. समोर तो कॉलेजचा प्रिन्सिपॉल चिखलात पडला, बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, एक पोर भोकाड पसरून रडलं, आणि आमची परीक्षक शांत.

शेवटचे दिवे लागले तेव्हा जागी झाली. "संपला?"

"संपला."

तिनं वहीकडं बघितलं. मग माझ्याकडं. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती वही मिटली. रस्त्यानं म्हणाली, "सांग आता."

मी सांगितलं. चार पोरं, तीन पोरी, खोटं आजारपण, बोर्डिंगातून पळून सहलीला जाणं, चिठ्ठ्यांची अदलाबदल, प्रिन्सिपॉलची फजिती. अगदी नक्कल करून सांगितलं. ती ऐकत होती. स्टेशनाजवळ आल्यावर म्हणाली, "काय गाळलंस?"

"काही नाही."

"शालूताई."

"एक गाणं आहे. तो तिला सायकल शिकवतो."

"कशी?"

"कशी म्हणजे? शिकवतात तशी. धरून."

"काय धरून?"

"सायकल."

"नुसती सायकल?"

आता माझा नाइलाज झाला. "हँडलवर तिचा हात आणि त्यावर त्याचा हात. रतन, हँडल एवढंसं असतं, माणूस हात ठेवणार कुठं?"

"मला सांगता येत नाही हे बरं की वाईट," ती म्हणाली. "मी पाहिलंच नाही."

"मी पाहिलंय ना. माझ्या डोळ्यांनी पास कर."

"तुझ्या डोळ्यांनी तू फळकुटावरचं चित्रसुद्धा पास केलं होतंस."

रविवारी सकाळी कमरजहाँ धावत आली. ओढणी एका खांद्यावर, तोंड फुललेलं. "बाई, पाटी लागली."

रतन न्हाऊन केस पुसत होती. तशीच ओल्या केसांनी निघाली, मी मागं. खिडकीवर पाटी होतीच. कादरभाई बाहेर स्टुलावर चहा पीत बसलेला.

"कादरभाई, ती पुसा."

"का बाई? तुम्ही आलात, बसलात, शेवटचे दिवे लागेस्तोवर होतात. मी स्वतः बघितलं."

"बसले होते. पाहिला नाही. झोपले होते."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण."

कादरभाईला ते लागलं. "माझ्या थेटरात आजवर कोणी झोपलं नाही, बाई."

"गेल्या पावसाळ्यात माझे मालक झोपले होते," मी म्हटलं.

"ते झोपण्यासाठीच तिकीट काढतात, मावशी. त्यांची गोष्ट वेगळी." त्यानं कप खाली ठेवला. "बाई, तुमच्या नावावर लोक येतात. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

त्यानं पाटी काढली, बाहीनं पुसली आणि कोरीच परत टांगली. कमरजहाँ कोपऱ्यावर उभी होती. ती घरी गेली.

आम्हाला वाटलं, संपलं. पण लोणावळ्यात कोरी पाटी कधी कुणी पाहिली नव्हती. बाईंनी नाही म्हटलं तर आजवर पाटी लागतच नसे. लागलेली पाटी बाईंनी येऊन पुसायला लावली, ती काय उगीच? दुपारपर्यंत बाजारात बातमी, खेळात मुली अर्ध्या चड्डीत आहेत. संध्याकाळी भाजीवाली मला सांगते, "बाईंना म्हनं खेळ बघून घेरी आली, तुमीच शाल घातलीसा." शाल घातली होती, हे खरंच. काय सांगणार?

सोमवारी दुपारी मी रतनचा डबा घेऊन शाळेत गेले तर रखमाजी आला होता, बरोबर आणखी दोघं बाप. पोरी पाटीवर डोकी घालून बसलेल्या, एकीचंही लक्ष पाटीवर नाही.

"बाई," रखमाजी म्हणाला, "असला कसला खेळ हाय त्यो? आमच्या पोरी रोज तितनंच येत्यात. तुमी सोता बघितलाय. सांगा."

खरं सांगते, मला वाटलं, ही आता खेळ वाईट आहे म्हणेल. काय बिघडत होतं? गावानं आधीच ठरवलं होतं. वाईट म्हटलं असतं तर बापांनी मान डोलावली असती आणि त्याच बैठकीत तिघांच्या सह्या झाल्या असत्या. चांगला म्हटलं असतं तर थोडा वाद झाला असता, पण तिचा शब्द त्यांनी मानला असता. फॉर्म तिच्या हाताजवळच्या खणात होते. मी डबा हातात धरून उभी.

रतन म्हणाली, "मी झोपले होते, रखमाजी भाऊ. सुरवातीची सायकल पाहिली. बाकी काही पाहिलं नाही. चांगला की वाईट मला माहीत नाही. पाटी म्हणूनच पुसायला लावली."

"झोपला?"

"झोपले."

रखमाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "आन पुन्याला चार दिस तुमीच पोरी घेऊन जानार. तितं झोपला तर?"

त्यानं ते दुष्टपणानं विचारलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं. सरूनं पाटीवरचं डोकं आणखी खाली घातलं.

"झोपेन," रतन म्हणाली. "चार रात्री आहेत, माणूस झोपतोच. पण मागं काही झालं तर तुम्हाला सांगेन, की मी झोपले होते."

दुसरा बाप, नथू नावाचा, टोपी चाचपू लागला. तिसऱ्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. मग माझ्यानं राहवेना. "झोपू मी दिलं तिला. माझ्यावर रागवा. आणि खेळाचंच बघायचं असेल तर बुधवारी बायकांचा खेळ आहे. तुमच्या धोंडाबाईंना पाठवा."

"तिला?" रखमाजी म्हणाला. "तिला काय कळतंय खेळातलं?"

"तिला तुम्ही कळता एवढी वर्षं. त्यापुढं खेळ काय अवघड."

नथू हसला. रखमाजीनं पागोटं परत डोक्यावर ठेवलं. "बघू," म्हणाला. फॉर्म खणातच राहिले.

पण बुधवारी धोंडाबाई आली. नथूची बायकोही आली, आणखी दोघी आल्या. रेशनच्या कामामुळं शाळा त्या दिवशी दुपारीच सुटलेली. आणि प्रत्येकीबरोबर तिची पोरगी. मी थेटराच्या दारात थक्क. "अगं धोंडाबाई, पोरींनी बघायचा की नाही हे ठरवायला तुम्ही आलात ना? मग ही?"

"आता बया, हिच्याबिगर मला कळनार कसं?" धोंडाबाई म्हणाली. "त्ये कालिजातलं बोलनं. ही शिकल्याली हाय, ही मला सांगंल."

सरू माझ्याकडं बघेना. हसू दाबून तिचे गाल दुखले असतील. कादरभाईनं हे सगळं ऐकलं, तोंडावरची माशीसुद्धा न हलवता तिकिटं फाडली, आणि आत जाऊन बायकोला निरोप धाडला. थोड्या वेळानं अमिनाही कमरजहाँला घेऊन आली. तिलाही म्हणे कॉलेजचं बोलणं कळत नव्हतं, जिच्या नवऱ्याच्या घरात दर आठवड्याला सगळे संवाद पाठ होतात.

रतन आली नाही. तिच्याकडं त्या दुपारी भांगरवाडीतली चाळीस घरं होती.

खेळभर पोरी आयांच्या कानाला लागलेल्या. आया मात्र गप्प, पंच बसावेत तशा. सायकलचं गाणं आलं तेव्हा मी पडद्याकडं न बघता त्यांच्याकडंच बघत होते. धोंडाबाई पुढं वाकली. हातावर हात आला. मी म्हटलं, गेलं सगळं. तर धोंडाबाई सरूला म्हणते, "पाय बग तिचं. वर बसल्यावर पाय कुटं ठिवती त्ये बग."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मग? कसा होता?"

"त्या पोरीची आई कुटं दावलीच न्हाई," धोंडाबाई म्हणाली. "येवढी पोर समद्या रानात हिंडती, तिला घरात कुनी हाय का न्हाई?"

"म्हणजे वाईट?"

तिनं विचार केला. तिला कुणी असं कधी विचारलं नसावं, त्यामुळं घाई करीत नव्हती. "वाईट न्हाई. वरडत्यात लय."

घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. गुरुवारी रखमाजी शाळेत आला. फॉर्म मागून घेतला, सरूनं शिकवलेली सही जोर लावून केली, कागद पलीकडून उमटला. म्हणाला, "बाई, पुन्याला आमची मंडळी बी येतो म्हनत्यात. तुमी झोपा खुशाल. ती जागी ऱ्हाईल." त्याच्या मागं नथूनं सही केली. शुक्रवारपर्यंत पाच फॉर्म झाले. सहाव्या पोरीचं लग्न ठरलं होतं, आधीपासून. खेळाचा त्यात काही हात नव्हता. तिचा कोरा फॉर्म रतननं घडी घालून वहीत ठेवला, टाकला नाही.

त्या शुक्रवारी मी डबा द्यायला गेले तेव्हा पोरी तिला खेळ सांगत होत्या. सगळ्या एकदम. ती खुर्चीत बसून, हातात खडू, ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अभ्यास कधी करतात ती मुलं?"

पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. "करत न्हाईत, बाई," सरू म्हणाली.

"एकही नाही?"

"एक पुस्तक होतं," कमरजहाँ म्हणाली, "पण ते प्रिन्सिपॉलच्या डोक्यात मारायला."

"परीक्षा तरी होते ना?"

"होते, पण दाखवत नाहीत. गाणं होतं आणि मग एकदम पेढे वाटतात. सगळे पास."

रतन माझ्याकडं वळली. "हे तू सांगितलं नव्हतंस."

"माझ्या ध्यानातच आलं नाही गं."

"हे मी पाहिलं असतं ना, तर नाही म्हटलं असतं," ती म्हणाली. "हातावर हात ठेवला त्याचं काही नाही. पण पेढे असे येत नाहीत."

मग ती उठली, टेबलाला धरून, आणि फळ्यावर अपूर्णांकाचं लांबलचक गणित घातलं. तिकडं तिसरीचे पाढे सतराच्या घरात अडकले होते. त्या दिवशी तिनं सातवीला पाचला सोडलं नाही. सव्वापाचला सोडलं, आणि मग रेशनच्या वह्या काखेत मारून चालू लागली.